प्लग ओढणाऱ्या देवरे मॅडम

देवरे मॅडमना मी पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा त्या टेबलाखाली वाकून चालू कॉम्प्युटरचा प्लग भिंतीतून उपटत होत्या.

शटडाऊन वगैरे काही नाही. सरळ वायर धरली आणि ओढली. पंखा घरघरत थांबला. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, शेजारच्या दुसऱ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरचा एक आकडा पेन्सिलीनं वहीत लिहिला, प्लग परत लावला आणि मशीन सुरू व्हायची वाट बघत बसल्या. मी दारात रिपोर्टांचा गठ्ठा घेऊन उभा होतो. मला वाटलं, बाईचं कशावरून तरी डोकं फिरलंय.

मी नाशिकच्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ होतो. मॅडम आमच्याकडे कॉम्प्युटर सांभाळायला आल्या तेव्हा चाळिशीच्या असतील. सटाण्याकडच्या. वडील वीज मंडळात लाइनमन होते, एवढीच घरची माहिती त्यांनी आपण होऊन कधी दिली. वरून लाइन बंद केली असं साहेबानं सांगितलं, तरी वडील खांबावर चढल्यावर आधी स्वतः टेस्टर लावून बघायचे, म्हणून जिवंत रिटायर झाले, असं त्या म्हणायच्या. म्हणताना हसायच्या नाहीत.

त्यांच्या बोलण्याची एक खोड होती. ‘झालं’ असं त्या कधी म्हणत नसत. ‘बॅकअप झाला का?’ विचारलं तर म्हणायच्या, “झाला असं तो म्हणतो. बघून सांगते.” ‘तो’ म्हणजे कॉम्प्युटर. प्रिंटर, डिस्क, यूपीएस, सगळ्यांबद्दल त्या असं बोलायच्या. गावातल्या माणसांबद्दल बोलावं तसं. हा बरा आहे, हा आळशी आहे, याच्यावर भरवसा नको. आणि चिडल्या की गावची अहिराणी बाहेर यायची. त्या दिवशी मशीन परत सुरू झालं, त्यांनी स्क्रीनवरचा आकडा वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “हाई खोटं बोलस.”

“कोण?” मी विचारलं.

“ही डिस्क.”

आमचा जुना सर्व्हर तेव्हा अखेरच्या घटका मोजत होता. नवीन घ्यायचा होता आणि त्यात फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे चिपवर लिहिणाऱ्या डिस्क, टाकायच्या होत्या. पुरवठादारानं नमुना म्हणून एक डिस्क आणून दिली होती. मॅडमनी ती एका मशीनला जोडली होती. त्या मशीनवरचा त्यांचा छोटा प्रोग्रॅम डिस्कवर एक, दोन, तीन असे आकडे लिहीत राहायचा. डिस्क ‘लिहिलं’ म्हणाली की तो आकडा शेजारच्या मशीनच्या स्क्रीनवर उमटायचा. मग प्लग ओढायचा. परत सुरू करून बघायचं, की डिस्कनं ‘लिहिलं’ म्हणून सांगितलेला शेवटचा आकडा तिच्यात खरंच आहे का.

“बघा, सोनवणे भाऊ. अठ्ठेचाळीस हजार दोनशे दहापर्यंत लिहिलं म्हणाली. आत आहेत अठ्ठेचाळीस हजार त्र्याण्णव.”

“शंभर-सव्वाशेचाच तर फरक आहे.”

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी गठ्ठा टेबलावर ठेवून खुर्ची ओढली. मग त्यांनी समजावून सांगितलं. डिस्कच्या पोटात एक कच्ची वही असते, म्हणाल्या. आलेली नोंद आधी कच्च्या वहीत जाते, सवडीनं पक्क्या वहीत उतरते. कच्ची वही विजेवर जगते. म्हणून डेटाबेस डिस्कला दर वेळी मुद्दाम विचारतो, पक्क्या वहीत गेलं का? चांगली डिस्क गेल्यावरच हो म्हणते. सर्व्हरसाठी बनवलेल्या महाग डिस्कमध्ये कॅपॅसिटर बसवलेले असतात, वीज अचानक गेली तर तेवढ्या साठवलेल्या विजेवर ती कच्ची वही पक्कीत उतरवून घेते. “आणि ही घरगुती डिस्क. वेगवान दिसायला हवी म्हणून आधीच हो म्हणून मोकळी होते. वरनं नोंदींच्या साखळीतली मधली एक कडी गेली, तर डेटाबेस तिच्या पुढचं सगळं रद्द समजतो. बरोबरच करतो तो. पण मग पाच मिनिटं जातात, दहा जातात. तुमची दहा मिनिटं कशात असतात?”

माझी दहा मिनिटं पिशव्यांमध्ये असायची. कुठली पिशवी द्यायला योग्य, कुठली थांबवायची, कुठली टाकून द्यायची.

पुढचे तीन आठवडे त्यांची खोली म्हणजे छळछावणी होती. डिस्कांची. एका डिस्कवर त्यांनी तीन दिवस अखंड लिखाण चालू ठेवलं. पहिल्या अर्ध्या तासात ती हरणासारखी पळत होती, दुपारपर्यंत जुन्या डिस्कपेक्षा हळू झाली. ती बाद. दुसरी एक नवीन म्हणून आलेली, तिची आतली नोंद काढली तर ती आधीच कुठेतरी कित्येक महिने चाललेली निघाली. ती बाद. शेवटी एक पसंत पडली. कॅपॅसिटरवाली. चाळीस वेळा प्लग ओढला, चाळीसही वेळा आकडा बरोबर आला. त्या दिवशी मॅडमनी डबा वेळेवर खाल्ला. सर्व्हरला अशा दोन लागणार होत्या, एकीवर जे लिहिलं ते दुसरीवरही. पण मॅडमचं म्हणणं, दोन्ही एकाच दुकानातून एकाच खोक्यातल्या घ्यायच्या नाहीत. एकाच घाण्यातल्या डिस्क एकाच आठवड्यात आजारी पडतात, मग दोन असून उपयोग काय.

हे सगळं त्यांनी आमचे सेक्रेटरी पाटणकर साहेब यांना लिहून दिलं. साहेब सज्जन माणूस. रक्तपेढीसाठी आयुष्य घातलेलं. पण त्यांनी कागद चाळला आणि म्हणाले, “मॅडम, आपल्याकडे यूपीएस आहे ना? वीज जाईलच कशाला?”

“साहेब, यूपीएससुद्धा मशीनच आहे.”

“पण तिप्पट किंमत? आणि नितीन म्हणतो, त्याच्या डिस्क इतर हॉस्पिटलांत चालतात.” नितीन म्हणजे पुरवठादार.

“चालतात असं तो म्हणतो,” मॅडम म्हणाल्या.

साहेबांना ते लागलं. विषय तिथेच राहिला.

पुढच्या महिन्यात मॅडमच्या वडिलांच्या मांडीचं हाड मोडलं आणि त्या बारा दिवस रजेवर सटाण्याला गेल्या. परत आल्या तेव्हा नवा सर्व्हर बसवून चालू झालेला होता. आत नितीनच्याच डिस्क होत्या, दोन, एकाच खोक्यातल्या. मॅडमनी झाकण उघडून पाहिलं, बंद केलं, आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. काचेतून आम्हाला दिसत होतं. आवाज चढला नाही कुणाचाच. बाहेर आल्या तेव्हा चेहरा दगडासारखा होता.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“काम करा म्हणाले.”

त्यानंतरचे दोन महिने मॅडमबरोबर काम करणं अवघड झालं. दिवे एकदा लुकलुकले की त्या खुर्चीतून उठून उभ्या राहायच्या. दर सोमवारी यूपीएसच्या बॅटऱ्या तपासायच्या. आम्हा सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, एखादी पिशवी थांबवायची ठरली की ती फ्रिजमधून काढून थांबवलेल्या पिशव्यांच्या लाल कप्प्यात ठेवा, आधी पिशवी हलवा मग नोंद करा. आम्ही हो म्हणायचो. ज्योती नावाची माझी सहकारी तर त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करायची. मीही हसलो आहे, हे कबूल करतो.

ती घटना एका बुधवारी सकाळी पावणेबाराच्या सुमारास घडली. यूपीएस दुरुस्तीला आलेल्या माणसानं बायपासचा खटका टाकायच्या ऐवजी मुख्य खटका खाली ओढला. एवढंच. क्षणात सगळे स्क्रीन काळे झाले. फ्रिजांना वेगळी लाइन होती, ते चालू राहिले. पाच मिनिटांत वीज आली, आणखी पंधरा मिनिटांत सर्व्हर उठला, डेटाबेस उघडला, याद्या दिसू लागल्या. पाटणकर साहेब स्वतः हॉलमध्ये येऊन म्हणाले, “चला, सगळं ठीक आहे. काम सुरू करा.” खिडकीवर तोवर नातेवाइकांची गर्दी झाली होती. ज्योतीनं पिशव्या द्यायला सुरुवात केली.

मॅडम आत होत्या. दहा मिनिटांनी बाहेर आल्या. आल्या म्हणजे जवळजवळ धावत.

“इश्यू थांबवा. एकही पिशवी बाहेर जाणार नाही.”

“मॅडम, लोक ओरडतील,” साहेब म्हणाले.

“शेवटची नोंद अकरा बत्तीसची आहे. वीज गेली अकरा पंचेचाळीसला. मधली तेरा मिनिटं नाहीत.” मग त्या आमच्याकडे वळल्या. “अकरा बत्तीसनंतर कुणी काय काय सेव्ह केलं, आठवा. एकेक जण सांगा. मी लिहिते.”

हातात पेन्सिल, वही. प्रत्येक टेबलापाशी जाऊन उभ्या. कुणी दोन नवे रक्तदाते नोंदवले होते, कुणी तपासणीचे निकाल भरले होते. माझ्यापाशी आल्या.

“काही नाही,” मी म्हणालो. “मी फोनवर होतो.”

“कुणाचा फोन?”

आणि मला आठवलं.

फोन एका रक्तदात्याचा होता. आठवड्यापूर्वी रक्त देऊन गेलेला. त्याला कावीळ निघाली होती, डॉक्टरनं सांगितलं म्हणून प्रामाणिकपणे कळवत होता. संसर्ग झाला तरी तपासणीत सापडत नाही असा सुरुवातीचा काळ असतो, त्या काळातलं रक्त असू शकत होतं. मी त्याची पिशवी कॉम्प्युटरवर शोधली, ओ निगेटिव्ह, ‘थांबवा’ असं टाकलं. हिरवी खूण आली, सेव्ह झालं. उठून पिशवी लाल कप्प्यात ठेवणार, तेवढ्यात अंधार झाला. मग धावपळ. मग मी विसरलो.

मी फ्रिज उघडला. ओ निगेटिव्हचा कप्पा रिकामा होता.

“ज्योती, ओ निगेटिव्ह?”

“तिन्ही दिल्या ना आत्ताच. सिव्हिलकडच्या एका प्रसूतिगृहातली बाई आहे, बाळंतपणात रक्त जातंय. नवरा पेटी घेऊन गेला. का? तिन्ही हिरव्या दिसत होत्या.”

मॅडमनी वही मिटली. “नंबर?”

“शेवटचे आकडे चारशे सतरा,” मी म्हणालो.

“ज्योती, त्या हॉस्पिटलला फोन लावत राहा. लागला नाही तरी लावत राहा. आणि दुसऱ्या फोनवरून गावातल्या बाकीच्या रक्तपेढ्या. ओ निगेटिव्ह एक पिशवी, प्रसूतिगृहात थेट पोचवा म्हणावं. सोनवणे भाऊ, चला.”

त्यांच्या स्कूटरवर मी मागे बसलो. मुंबई नाक्याचा सिग्नल लाल होता आणि पुढे बस आडवी. मॅडमनी हॉर्न वाजवला नाही. हँडल घट्ट धरून समोर बघत होत्या, मानेवर घामाचे थेंब. मला काहीतरी बोलायचं होतं, माफी मागायची होती. त्या एकदाच म्हणाल्या, “नंबर विसरू नका.” मी सिग्नल सुटेपर्यंत तो पुटपुटत राहिलो.

वॉर्डात शिरलो तेव्हा पहिली पिशवी स्टँडला लटकलेली होती. थेंब थेंब चालू होतं. मी मान वर करून नंबर वाचला. डोळ्यांसमोर आकडे नाचत होते. मॅडमनी मागून मोठ्यानं वाचला. चारशे नऊ. मग दुसरी. सिस्टरनं ती दाब देऊन दुसऱ्या हाताला लावायला घेतली होती. चारशे बावीस.

तिसरी ट्रेमध्ये होती. चारशे सतरा.

मी ती उचलली आणि तेवढ्यात दुसऱ्या एका हातानं ती धरली. बाईचा नवरा. पंचविशीचा, सुरगाण्याकडचा, अंगात शर्ट, पायात चप्पल नाही. पेटी आणली तेव्हापासून तो त्या ट्रेपाशीच उभा असावा.

“रगत कुठं नेता? तिला द्यायचंय.”

“ही द्यायची नाही,” मी म्हणालो.

“काहून नाय? मीच आणलं ना आत्ता! ती मरंल ना!” त्याच्या बोटांची पकड इतकी होती की पिशवी फुटेल असं मला वाटलं. डॉक्टरीणबाई वळून ओरडल्या, “काय चाललंय? ही पिशवी न्यायची तर तिसरी कोण देणार मला?”

मॅडम पुढे झाल्या. त्यांनी पिशवीला हात लावला नाही. नवऱ्याच्या मनगटावर हात ठेवला.

“भाऊ, चूक आमची आहे. तुझी नाही, तिची नाही. ही पिशवी चांगली नसेल असं आम्हाला कळलंय. दिली तर तिला दुसरा आजार होईल. दुसरी पिशवी निघालीय. ती येईपर्यंत मी इथनं हलत नाही. माझं नाव देवरे. नाही आली तर मला धर.”

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग बोटं सैल झाली.

दुसरी पिशवी निघाली आहे, हे मॅडमना तेव्हा ठाऊक नव्हतं. ज्योतीचा फोन त्यानंतर चार मिनिटांनी आला. गंगापूर रोडच्या एका रक्तपेढीत एक मिळाली होती, माणूस निघाला होता. मॅडमनी ऐकलं, फोन ठेवला आणि भिंतीला टेकल्या. आयुष्यात पडताळून न बघता त्यांनी केलेलं तेवढं एकच विधान माझ्या ऐकण्यात आहे. पिशवी येऊन, तपासून, लागेपर्यंत त्या त्या नवऱ्याशेजारी बाकावर बसून होत्या. अडीच वाजता डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, रक्तस्राव थांबलाय. नवऱ्यानं विचारलं, म्हणजे काय? मॅडम म्हणाल्या, “वाचली.” तो उठून आत गेला. आम्ही निघालो.

खरी परीक्षा पुढे होती. साहेबांनी अहवालाचा मसुदा केला होता, विजेचा अनपेक्षित बिघाड. मॅडमनी सही केली नाही. स्वतः वेगळा अहवाल लिहिला. तो देण्याआधी त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

“सोनवणे भाऊ, तुमचं नाव लिहिलंय. पिशवी आधी हलवली नव्हती, हे. तुम्हाला आधी सांगते, मागून कळायला नको.”

मला धक्का बसला. “मी आठवून सांगितलं नसतं तर?”

“तुम्ही आठवून सांगितलंत, तेही लिहिलंय.”

मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. डबा वेगळा खायचो. मला वाटायचं, एवढं झाल्यावर एक ओळ गाळता आली असती. अहवाल समितीपुढे वाचला गेला तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. पहिलंच वाक्य होतं, ‘वीज गेली हे कारण नाही, वीज कधीतरी जाणारच होती.’ नंतर डिस्क, नंतर मी, नंतर ज्योतीनं कुणाला न विचारता स्क्रीनवर विश्वास ठेवला ते. आणि शेवटी स्वतःबद्दल एक परिच्छेद. डिस्क खोटं बोलते हे माहीत असताना त्या सर्व्हरवर काम सुरू ठेवू दिलं, राजीनामा देऊन तरी थांबवायला हवं होतं, ते केलं नाही. बाकी तिघांवर मिळून जेवढं लिहिलं होतं त्याहून ते जास्त होतं. ते ऐकून मी पहिल्यांदा मान वर केली.

डिस्क बदलल्या. त्या कॅपॅसिटरवाल्या आल्या, दोन वेगळ्या दुकानांतून. सर्व्हर चालू करायच्या दिवशी मॅडमनी पाटणकर साहेबांना खोलीत बोलावलं आणि म्हणाल्या, “साहेब, प्लग तुम्ही ओढा.” साहेब वाकले. वय झालेला माणूस, वायर धरली, पण ओढवेना. “काही बिघडेल का?” त्यांनी विचारलं. “तेच बघायचंय,” मॅडम म्हणाल्या. साहेबांनी डोळे मिटून ओढला. मशीन परत उठलं. आकडा बरोबर आला. साहेबांनी तो स्वतः वहीत लिहिला, खाली सही केली, आणि मग म्हणाले, “मॅडम, मला माफ करा.” मॅडम म्हणाल्या, “अजून एकोणचाळीस वेळा ओढायचाय, साहेब. बसता का?” साहेब बसले. संध्याकाळपर्यंत बसले.

वर्षभरानं मॅडमना सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत काम मिळालं आणि त्या गेल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या.

त्यानंतर त्यांना एकदाच पाहिलं, त्याच वसाहतीत भरलेल्या आमच्या रक्तदान शिबिरात. कंपनीच्या कँटीनमध्ये खाटा मांडल्या होत्या. रांगेत मॅडम. मी ‘अरे वा’ म्हणालो, तर त्या हसल्याच नाहीत. जवळ आल्या तेव्हा कळलं, घाबरल्या होत्या. इतके दिवस रक्तपेढीत काढले, पण सुईला कधी हात पुढे केला नव्हता. खाटेवर आडव्या झाल्या, बाही वर केली आणि म्हणाल्या, “थांबा.” मी थांबलो. पुन्हा सुई जवळ नेली. “थांबा.” बाजूच्या खाटेवरचा कामगार बघायला लागला. मी स्टूल ओढून बसलो, म्हटलं, घाई नाही. त्यांनी खिडकीबाहेर उभ्या ट्रकांकडे मान वळवली, ओठ घट्ट मिटले. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “हं.”

पिशवी भरत होती तेव्हा त्यांनी एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. मी वडिलांची चौकशी केली. काठी घेऊन चालतात, म्हणाल्या, पण मळ्यात जाऊ नका म्हटलं तर ऐकत नाहीत. सुई काढून कापूस दाबला, लेबल चिकटवलं. त्या कोपरावर थोड्या उठल्या.

“नंबर वाचा, सोनवणे भाऊ.”

मी पिशवीवरचा नंबर मोठ्यानं वाचला. त्यांनी तो हातातल्या फॉर्मवरच्या नंबराशी बोटानं एकेक आकडा लावून पाहिला, मान हलवली आणि परत उशीवर डोकं टेकून डोळे मिटले. पिशवी माझ्या हातात होती, अजून गरम. मी ती बर्फाच्या पेटीत ठेवली आणि रांगेतल्या पुढच्या नावाला हाक मारली.